काउंट पडलेल्या मुलाचं ताट

(गंगापूर रोड, नाशिक इथल्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



नाशिकच्या पालकांकडून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न द्राक्षांचा आहे. जानेवारी लागला की तो सुरू होतो आणि हंगाम संपेपर्यंत थांबत नाही. घरात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारं मूल असतं, केमो चालू असते, पाहुण्यांकडून पेटी आलेली असते. मूल हात पुढे करतं आणि आई फोनवर विचारते, "मॅडम, दोन तरी मणी देऊ का?" उत्तर एका शब्दात देता येतं. पण 'नाही' हा शब्द फार स्वस्त झालाय, आणि त्याची किंमत मुलं मोजतात. मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. आज तुमचा वेळ घेणार आहे तो या 'नाही'बद्दल बोलण्यासाठी.

आधी ही मुलं कोण, ते सांगते. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात कर्करोगाच्या पेशी मरतात, तशा अस्थिमज्जेतल्या, केसांच्या मुळांशी असलेल्या आणि तोंडापासून आतड्यापर्यंतच्या अस्तरातल्या पेशीही मरतात. जंतूंशी पहिली लढाई करणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. एरवी त्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड हजारांहून जास्त असतात. 500 च्या खाली गेल्या की मूल जवळजवळ उघड्यावर आलं असं समजायचं. बऱ्याच औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत हे घडतं. वॉर्डातल्या आया एकमेकींना सांगतात, "आमच्याचे काउंट पडलेत." शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही हा शब्द आठवड्याभरात पाठ होतो.

पण यात फक्त कर्करोगाची मुलं येत नाहीत. नेफ्रोटिक सिंड्रोममुळे महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेणारी मुलं आपल्या आसपास कितीतरी आहेत. अंगावर सूज येते, लघवीतून प्रथिनं जातात, शेजाऱ्यांना वाटतं मूल बाळसेदार झालं. मूत्रपिंड बदललेली मुलं आहेत, एचआयव्हीसह वाढणारी मुलं आहेत. काहींच्या प्रतिकारशक्तीत जन्मापासूनच उणीव असते. त्यांच्या निदानाचं काम परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही आयसीएमआरची संस्था करते. या सगळ्यांचे आजार वेगळे, डॉक्टर वेगळे, पथ्यंही थोडी वेगळी. म्हणून मी जे सांगेन ते तुमच्या मुलाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. प्रत्यारोपणाच्या मुलांना तर त्यांच्याच केंद्राचे नियम लागू.

आता 'नाही' कुठून आलं ते पाहू. अमेरिकेत ह्यूस्टनला 1971 साली डेव्हिड व्हेटर नावाचा मुलगा जन्मला. जन्मतःच प्रतिकारशक्ती नव्हती म्हणून त्याला प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात वाढवलं. खाणं, खेळणी, कपडे, सगळं निर्जंतुक करून आत जायचं. 1984 साली, बारा वर्षांचा असताना तो गेला. तो काळच तसा होता. केमो आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण नवं होतं, प्रतिजैविकं आजच्याइतकी नव्हती, आणि डॉक्टर खरोखर घाबरलेले होते. आपल्याकडे पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 साली टाटा मेमोरियलमध्ये झालं. त्या निर्जंतुक खोल्यांमधून एक आहार जन्माला आला: कच्चं काही नाही, ताजं फळ नाही, कोशिंबीर नाही, बाहेरचं नाही. खोल्या मागे पडल्या, यादी मात्र राहिली. छापील कागदांवरून ती जगभर फिरली आणि आपल्या घरांच्या फ्रिजवर येऊन चिकटली.

त्या यादीची परीक्षा फार उशिरा झाली. 2008 साली अमेरिकेत प्रौढ रुग्णांच्या दोन गटांची तुलना प्रसिद्ध झाली. एका गटाला फक्त शिजवलेलं अन्न, दुसऱ्याला कच्ची फळं-भाज्याही. गंभीर संसर्गात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मग 2018 साली कर्करोगाच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 150 मुलं होती. निम्म्यांना कडक बंदीचा आहार, निम्म्यांना फक्त अन्नसुरक्षेचे नियम: हात धुणं, फळं नीट धुणं, मांस-अंडी पूर्ण शिजवणं, शिळं टाळणं. संसर्ग झाला तो बंदीच्या गटात 35 टक्के मुलांना आणि नियमांच्या गटात 33 टक्के मुलांना. बंदी पाळणं घरच्यांना जास्त जड गेलं, एवढाच काय तो फरक. इटलीतही 2023 साली असाच निष्कर्ष छापून आला.

हे ऐकून कुणी घरी जाऊन मुलाला पाणीपुरी देऊ नका. या अभ्यासांत बंदीची तुलना निष्काळजीपणाशी झालेली नाही, शिस्तीशी झालेली आहे. बंदी नसलेल्या त्या 33 टक्क्यांमागे रोज हात धुणारे, फळं धुणारे, वेळेवर जेवण वाढणारे आईबाप आहेत. आणि उरलेला संसर्ग येतो कुठून? बऱ्याचदा मुलाच्या स्वतःच्याच आतड्यातून. केमोने अस्तर सोललेलं असतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहणारे जंतू रक्तात उतरतात. मुलाला ताप आला की आई स्वतःला दोष देते, "मी काल सफरचंद दिलं म्हणून." बहुतेक वेळा ते खरं नसतं. तिच्या मनातून हे ओझं काढायला हवं.

आपल्याकडे प्रश्न आणखी अवघड होतो, कारण आपल्या घरात दोन याद्या असतात. एक हॉस्पिटलची, दुसरी आजीची. हॉस्पिटल म्हणतं कच्चं नको. आजी म्हणते दही थंड, केळं थंड, अंडं उष्ण, शेंगदाणा पित्ताचा, डाळ वातूळ. आजीचं प्रेम खरं असतं, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण दोन याद्या एकावर एक ठेवल्या की खाली उरतो मऊ भात, वरणाचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. अशा ताटावर मूल महिनाभर राहिलं की हाडं दिसू लागतात. कुपोषित मुलाला औषधं सोसत नाहीत, संसर्ग लवकर होतो, काउंट वर यायला वेळ लागतो, पुढची केमो लांबते. आपली कितीतरी मुलं तर उपचार सुरू होतानाच अशक्त असतात. ही गरज ओळखून पूर्णोता दत्त बहल यांनी 2013 साली मुंबईत कडल्स फाउंडेशन सुरू केलं. रुग्णालयांच्या बाल-कर्करोग विभागांत आहारतज्ज्ञ नेमणं, मुलांना पोषण पुरवणं हे काम ती संस्था करते. खाणं हाही उपचाराचा भाग आहे, हे आता कुठे आपल्या लक्षात यायला लागलंय.

तेव्हा माझं म्हणणं असं. कडकपणा जरूर हवा. पण तो मुलाच्या ताटात न ठेवता आपल्या हातांवर, पाण्यावर आणि घड्याळावर ठेवू या.

घड्याळापासून सुरू करते, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. जंतू 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान भराभर वाढतात, आणि आपल्या ओट्यावरचं तापमान वर्षभर त्याच टप्प्यात असतं. शिजवलेलं अन्न बाहेर जास्तीत जास्त दोन तास. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत एकच तास. सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे भात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवून जात नाही. म्हणजे सकाळचा खमंग फोडणीचा भात, ज्यावर आपण सगळे वाढलो, तो या मुलाला द्यायचा नाही. "चांगला परतलाय हो" याने काही होत नाही. तीच गोष्ट खव्याच्या मिठाईची. करणाऱ्याच्या हाताला फोड किंवा जखम असेल तर त्यातले जंतू खव्यात जे विष सोडतात, तेही उष्णतेला दाद देत नाही.

पेठ-सुरगाण्याकडच्या एका वडिलांनी मला संकोचून सांगितलं होतं, "आमच्याकडे फ्रिज नाही." मी त्यांना म्हटलं, मग तुमच्या घरी शिळं उरणारच नाही. तव्यावरून उतरलेली नागलीची भाकरी, उडदाची उकळती आमटी, वर तूप. याहून सुरक्षित आणि पौष्टिक ताट मला शहरात सहसा दिसत नाही. शहरातल्या फ्रिजमध्ये परवाची भाजी, चिरलेलं कलिंगड आणि न झाकलेलं कच्चं चिकन एकाच कप्प्यात असतं.

मोड आलेली कडधान्यं हा आपला अभिमान. 2011 साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, जवळजवळ चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक मेले. शोध घेतल्यावर दोष निघाला मोड आलेल्या मेथीदाण्यांत. मोड यायला लागणारी ओल आणि ऊब जंतूंनाही तितकीच मानवते, आणि ते दाण्याच्या आत असले तर धुऊन जात नाहीत. म्हणून कच्चे मूग-मटकी नकोत. पण तीच मटकी पूर्ण शिजवून उसळ केली की उत्तम. बंदी आणि शिस्त यांतला फरक इथे नीट दिसतो. या रस्त्याने धरणाकडे निघालं की मिसळीची ठिकाणं लागतात, आणि दहा वर्षांचं मूल गाडीतून ते फलक वाचत जातं. मिसळीत उकळता रस्सा सगळ्यात निर्धोक. धोका आहे तो वरून घातलेल्या कच्च्या कांद्यात, कोथिंबिरीत आणि बाहेरच्या पाण्यात. घरी करा, मटकी शिजवा, कांदा परता, शेव नव्या बंद पाकिटातली घ्या, तोंड आलेलं असेल तर तिखट कमी करा. मूल मिसळ खातंय यात त्याला स्वतःचं आयुष्य परत मिळाल्यासारखं वाटतं. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कोथिंबिरीचं मुद्दाम सांगते. आपण सगळं उत्तम शिजवतो आणि शेवटी वरून हिरवीगार भुरभुरतो. तिच्या पानापानांत माती आणि ओल असते. ती उकळी येतानाच घाला. मिरपूड, मसाला वरून पेरू नका, फोडणीत घाला. खोबऱ्याची ओली चटणी टाळा, किंवा लगेच वाटून परतून लगेच संपवा. कडू किंवा बुरशी धरलेला शेंगदाणा निवडून फेका, कारण बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. अंड्याचा बलक घट्ट होईपर्यंत उकडा, पण अंडं द्या. दूध उकळूनच. निरशा दुधाचं कौतुक या घरात नको. दह्याबद्दल डॉक्टरांची मतं वेगवेगळी आहेत, म्हणून काउंट किती आहेत ते सांगून विचारा. खूप पडलेले असताना थांबवणंच बरं.

आता द्राक्षं. काउंट अगदी खाली असतील त्या दिवसांत जाड सालीची फळं बरी: केळं, मोसंबी, संत्रं, सटाण्याकडचं डाळिंब. साल आधी धुवायची, हात धुवायचे आणि मगच सोलायचं. नाहीतर सालीवरचं सुरीने आत जातं. काउंट वर आले आणि डॉक्टर हो म्हणाले की द्राक्षं द्या. घड तसाच बुडवून काढू नका. मणी देठापासून सोडवा, फुटलेले, देठाशी ओले झालेले काढून टाका, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यातून काढा. साबण लावू नका. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर मणी उभा चिरून चार फोडी करा, घशात अडकू नये म्हणून. सुरगाण्याची स्ट्रॉबेरी मात्र कितीही धुतली तरी तिच्या खड्ड्यांतलं निघत नाही. ती शिजवून, साखरेत आटवून द्या.

पाणी. आपण सगळे या रस्त्याच्या टोकाच्या धरणाचं पाणी पितो आणि महापालिका ते शुद्ध करून देते. पण नळ आणि मुलाचा पेला यांच्यामध्ये सोसायटीची टाकी आहे, गच्चीवरची टाकी आहे, माठ आहे आणि त्यात बुडणारा हात आहे. पावसाळ्यात मेडिक्लोर घालता ते चांगलंच, पण क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनला जुमानत नाही, आणि या मुलांचे जुलाब त्याच्यामुळे हटता हटत नाहीत. उकळीच पाहिजे. खळखळून एक मिनिट, झाकून गार, त्याच भांड्यात ठेवायचं आणि ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यायचं. बर्फाचा गोळा आणि रसवंतीचा रस हे दोन्ही यातच आले.

दोन प्रसंग पुस्तकांत सापडत नाहीत, ते सांगते. पहिला रात्रीचा. रक्ताच्या कर्करोगात सुरुवातीला स्टिरॉइड देतात आणि मुलाला अनावर भूक लागते. रात्री दोन वाजता ते उठून बसतं, "मला आत्ता खायला दे" म्हणून रडतं. दमलेली आई काय देणार? रात्रीचं उरलेलं. शिळं नेमकं इथे पोटात जातं. म्हणून त्या आठवड्यांसाठी रवा भाजून ठेवा, पोहे भाजून ठेवा, गाजर-मटार दिवसाच साफ करून ठेवा. दहा मिनिटांत गरम उपमा होतो. तेही जमणार नसेल तर छोट्या बंद पाकिटातलं बिस्कीट शिळ्या भाजीपेक्षा चांगलं. घरचं म्हणजे अमृत आणि पाकिटातलं म्हणजे विष, हा हिशेब या दिवसांत चालत नाही.

दुसरा प्रसंग पंचवटी एक्सप्रेसचा. नाशिक रोडहून सकाळी गाडी, दादरला उतरायचं, परळला टाटात ओपीडी. आई पहाटे पाचला डबा करते, नंबर लागून मूल जेवायला बसतं दुपारी दोनला. नऊ तास! दहीभात, ओली भाजी, सोललेलं उकडलेलं अंडं यातलं काही त्या डब्यात नको. दशमी किंवा तूप लावलेली कोरडी पोळी, राजगिऱ्याचे लाडू, न सोललेली केळी-मोसंबी, घरून उकळलेलं पाणी आणि हात धुवायला साबणाची वडी. मुक्काम करायचा असेल तर जिथे स्वतःला रांधता येईल अशी जागा शोधा. सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं 2006 पासून मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य राहायला आणि रांधायला जागा देतात. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. आपल्या गोदाकाठी ज्यांच्या नावाचा पूल आहे, त्या बाबांच्या नावाने चालणारी ती धर्मशाळा परगावच्या रुग्णांना आजही छप्पर देते. हातात खराटा घेऊन गावं झाडणारा तो माणूस स्वच्छतेला देवपूजेच्या वर ठेवत होता.

देवाचा विषय निघालाच आहे. पुढच्या सिंहस्थाच्या तयारीने नाशिक आत्तापासून गजबजलंय, आणि आजारी लेकरासाठी रामकुंडाचं तीर्थ आणणारे आप्त येणारच. पंचामृतात बहुधा न उकळलेलं दूध, दही आणि मध असतो, शिवाय कितीजणांचे हात लागलेले असतात. तीर्थ मुलाच्या ओठांना लावू नका. कपाळाला अंगारा लावा, नमस्कार करवा, नारळ घरी आणून फोडा. ज्या पुजाऱ्यांना मी हे समजावलं त्यांनी एकदाही वाद घातला नाही. नातेवाइकांना मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आणि 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णं, काढे. मूत्रपिंड बदललेल्या मुलाची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी जाणूनबुजून दाबून ठेवलेली असते, नाहीतर शरीर ते मूत्रपिंडच नाकारेल. तिथे ती वाढवायची कशाला? 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. तो वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञ पाहतील. केमोने आधीच दमलेल्या यकृतावर आपण घरी प्रयोग करू नये, एवढं तर दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांशी ग्रेपफ्रूट जमत नाही, रक्तातली औषधाची पातळी वाढते. गणपतीत आपल्याकडे येणारं पपनस त्याच कुळातलं, तेही विचारल्याशिवाय नको.

एवढं सगळं करूनही ताप येऊ शकतो. काउंट पडलेल्या मुलाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. पहिलं प्रतिजैविक तासाभरात शिरेतून गेलं पाहिजे. कार्ड, फाइल आणि रिक्षावाल्याचा नंबर दारामागे अडकवून ठेवा.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. आपल्या शहरातल्या रुग्णालयांत कळवण, सुरगाणा, धुळे, नंदुरबारकडची मुलं दाखल असतात. त्यांच्या आईला रांधायला चूल नसते, आणि वडील रस्त्यावरून जे मिळेल ते आणतात. या रस्त्यावरच्या घरांनी वाटून घेतलं तर आठवड्यातून एक डबा कुणालाच जड नाही. मात्र नियम माझे राहतील. करणाऱ्या व्यक्तीला त्या दिवशी सर्दी, जुलाब किंवा हाताला जखम असेल तर डबा दुसऱ्या घरातून जाईल. डबा स्टीलचा, उकळत्या पाण्याने विसळलेला. अन्न वाफाळतं असतानाच भरायचं. झाकणावर भरल्याची वेळ लिहायची आणि दोन तासांच्या आत तो मुलाच्या हातात पडला पाहिजे. उरलेलं परत आणायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. आधी वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांना विचारायचं की त्या मुलाला आज काय चालतं, आणि मग मुलाला विचारायचं की त्याला काय आवडतं. डाव्या हाताच्या टेबलावर वही ठेवलेली आहे, ज्यांना जमेल त्यांनी घराचा वार लिहून जावा. सोमवार आणि गुरुवारी केमोची गर्दी असते, त्या दोन वारांना जास्त घरं हवी आहेत.